नवशिक्या बुद्धिबळपटूंना आधी समोरच्याची खेळी पाहायला शिकवावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे १८ वर्षांच्या डी. गुकेशने चीनच्या डिंग लिरेनला हरवून जगज्जेतेपद मिळवले, तेव्हापासून बुद्धिबळाकडे नव्याने वळलेली माणसे मला सतत भेटत आहेत. त्यांत लहान मुले आहेत, मुलांना सोबत म्हणून पटाशी बसलेले आणि मग स्वतःच रमलेले पालक आहेत, आणि आयुष्यभर राहून गेलेली आवड आता पुरी करू पाहणारी ज्येष्ठ मंडळीही आहेत. मी गेली बरीच वर्षे नोकरी सांभाळून संध्याकाळी नवशिक्यांना हा खेळ शिकवत आलो आहे, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न मला तोंडपाठ झाला आहे. मोहऱ्यांच्या चाली आल्या, किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल, समजली, शह आणि मात यांतला फरक कळला, की दुसऱ्याच दिवशी विचारणा होते, "आता कोणते ओपनिंग शिकू?" ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळ्या. या प्रश्नामुळे नवशिक्याची पहिली दोन-तीन वर्षे कशी वाया जातात हे मी जवळून पाहिले आहे आणि म्हणूनच हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

एक प्रसंग सांगतो. दहा-अकरा वर्षांची एक हुशार मुलगी सिसिलियन बचाव या ओपनिंगमधला नायडॉर्फ प्रकार पाठ करून आली होती. (पटाच्या उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या रांगांना १ ते ८ म्हणतात, म्हणून सी ४ म्हणजे सी पट्टीतले चौथे घर.) त्यात काळा पाचव्या खेळीला ए पट्टीतले प्यादे एक घर पुढे सरकवतो, आणि तेवढी एक खेळी तिच्या मनात पक्की बसली होती. समोरच्या मुलाने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, तिने सी पट्टीतले प्यादे दोन घरे टाकून उत्तर दिले, इथपर्यंत सारे पाठांतराप्रमाणे झाले. दुसऱ्या खेळीला त्या मुलाने मात्र घोड्याऐवजी उंट काढला आणि तो सी ४ वर ठेवला. ती क्षणभर गोंधळली, पण तिने घोडा सी ६ वर आणला, जी अगदी योग्य खेळी होती. मग पांढऱ्याचा वजीर एफ ३ वर आला. तिने वजिराकडे पाहिलेसुद्धा नाही. "आपल्या ओपनिंगमध्ये हे लागतेच" असे म्हणत तिने ए पट्टीतले प्यादे एक घर सरकवले, आणि पांढऱ्याच्या वजिराने एफ ७ वरचे प्यादे मारून मात दिली. वजिराला उंटाचा जोर होता म्हणून राजाला तो मारता येत नव्हता, आणि आजूबाजूची सगळी घरे राजाच्या स्वतःच्याच मोहऱ्यांनी आणि प्याद्यांनी अडवलेली होती. चौथ्या खेळीला डाव संपला. तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तिला सर्वांत जास्त खुपले ते हे, की तिने सगळे "बरोबर" खेळले होते.

ते ए ६ मूळच्या प्रकारात का खेळतात, तर पांढऱ्याचा उंट किंवा घोडा बी ५ या घरात येऊ नये म्हणून. हे कारण तिला कुणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर त्या क्षणी बी ५ चा प्रश्नच नाही, धोका एफ ७ ला आहे, हे तिला स्वतःलाच दिसले असते असे मला मनापासून वाटते. पाठांतराचा आणखीही एक तोटा आहे. पहिली खेळी करताना पांढऱ्याकडे २० पर्याय असतात, म्हणजे प्याद्यांच्या १६ चाली आणि घोड्यांच्या ४. काळ्याकडेही तेवढेच, म्हणून दोघांची एकेक खेळी होताच पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती संभवतात. नवशिक्याचा प्रतिस्पर्धीही बहुधा नवशिकाच असतो आणि तो पुस्तकातली खेळी करत नाही. बारा खेळ्या पाठ करून बसलेल्याच्या उपयोगी त्यांतल्या जेमतेम तीन-चार पडतात, आणि पुढे तो स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून राहायला शिकलेलाच नसतो.

ओपनिंगविषयी सुरुवातीला पुरेल एवढे थोडक्यात सांगता येते. मधल्या चार घरांवर प्याद्यांचा ताबा ठेवावा, घोडे-उंट लवकर बाहेर काढावेत, एकच मोहरा विनाकारण दोनदा हलवू नये, वजीर घाईने पुढे नेऊ नये, किल्लेकोट करून राजा सुरक्षित करावा. घोडा मधोमध उभा असला तर ८ घरांवर मारा करतो आणि कोपऱ्यात असला तर फक्त २ घरांवर, एवढे एकदा पटावर मोजून पाहिले की "मोहरे मध्याकडे न्या" हे वेगळे बजावावे लागत नाही.

आता मूळ मुद्दा. शिकाऊ खेळाडूंचे हरलेले डाव मी त्यांच्याबरोबर बसून शेकड्यांनी तपासले आहेत, आणि बहुतेक डाव एकाच तऱ्हेने गेलेले आढळतात. कुणीतरी मोहरा फुकट दिलेला असतो, किंवा समोरच्याने फुकट दिलेला मोहरा घ्यायचा राहून गेलेला असतो. खोल योजना, प्याद्यांची रचना, कमजोर घरे या गोष्टींवर निकाल लागावा इतका तो डाव टिकतच नाही. असे का होते याचा विचार केला तर उत्तर साधे आहे. नवशिका समोरच्याची खेळी होण्याची वाट पाहत असतो ती आपली आधीच ठरवलेली खेळी करता यावी म्हणून. दोन खेळ्यांमागे त्याच्या मनात एक बेत ठरलेला असतो आणि तो पुरा होईपर्यंत समोरचा काय करतो आहे हे त्याला एखाद्या व्यत्ययासारखे वाटते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिले सहा महिने एकच प्रश्न विचारायला लावतो, "त्याने ही खेळी का केली?" उत्तर चुकले तरी चालेल, पण प्रश्न प्रत्येक खेळीला पडलाच पाहिजे. या प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि त्यांतला दुसरा जवळजवळ सगळेच विसरतात. हललेला मोहरा ज्या घरात गेला तिथून आता कशावर मारा करतो, हा पहिला भाग. जे घर त्याने सोडले तिथून तो आधी कशाला जोर देत होता आणि कोणती वाट अडवून बसला होता, हा दुसरा. घोडा पुढे आला की सगळ्यांची नजर घोड्याबरोबर पुढे जाते. त्याच्या मागे उंटाची तिरकी वाट मोकळी झालेली असते, किंवा त्याच घोड्याच्या जोरावर उभे असलेले प्यादे बिनजोर झालेले असते, तिकडे कुणी पाहत नाही. उलट बाजूने हेच आपल्यालाही लागू होते. आपण हलवलेला मोहरा मागे काय उघडे टाकून गेला, हे पाहायची सवय लागली की फुकट जाणारे निम्मे मोहरे वाचतात असा माझा अनुभव आहे.

आपली खेळी मनात ठरल्यावर, मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी, आणखी एक फेरी करायची असते. ही खेळी झालेली आहे असे धरून समोरच्याकडे कोणते शह आहेत, तो काय काय मारू शकतो, आणि त्याची कोणती धमकी शिल्लक राहते, हे याच क्रमाने पाहावे. क्रम असा का, तर शहाला उत्तरे सर्वांत कमी असतात. राजा हलवणे, मध्ये मोहरा घालणे किंवा शह देणारा मोहरा मारणे, या तीनच वाटा असतात. घोड्याचा शह असला तर मध्ये काही घालता येत नाही, आणि दोन मोहऱ्यांचा एकाच वेळी शह बसला तर राजा हलवण्यावाचून गत्यंतर नसते. उत्तरे इतकी कमी असल्यामुळे शहाची परिणती मनात शेवटपर्यंत पाहणे नवशिक्यालाही जमते. मारामारीत मोजणी लागते. त्या घरावर त्याचे किती मोहरे रोखलेले आहेत, आपले किती जोर देत आहेत, आणि देवाणघेवाण संपल्यावर कुणाच्या हाती काय उरते, हे पाहावे लागते. प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९ असा रूढ हिशेब त्यासाठी पुरतो. तेवढे करूनही एक फसगत होते. एकच मोहरा दोन ठिकाणी राखण करत असेल तर कागदावर जोर दोन्हीकडे दिसतो, पण एका बाजूला मारामारी झाली की दुसरी बाजू आपोआप उघडी पडते. हे ओळखता येऊ लागले की मुलगा किंवा मुलगी नवशिकेपणाच्या बाहेर पडू लागली असे मी समजतो.

हे सगळे प्रत्येक खेळीला करायचे म्हटले तर वेळ लागतो, आणि इथेच आजच्या सवयीशी गाठ पडते. मोबाइलवर तीन मिनिटांचे, एका मिनिटाचे डाव खेळणे सोपे झाले आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असलेला डाव ब्लिट्झ ठरतो, आणि जो मोठ्या डावात विचार करायला शिकला आहे त्याच्यासाठी तो उत्तम सराव आहे. ज्याला अजून समोरची धमकी ओळखायला अर्धे मिनिट लागते, त्याला एकूण तीन मिनिटे देऊन बसवले तर तो न पाहता खेळायचा सराव करतो, आणि सराव केलेली गोष्ट अंगवळणी पडते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने वर्षभरात असे काही हजार डाव खेळले आणि वर्ष संपले तेव्हा तो होता तिथेच होता. मग त्याने आठवड्याला दोनच डाव खेळायचे ठरवले, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, आणि दोन्ही वहीत उतरवायचे. पुढच्या सहा महिन्यांत तो माझ्याकडून बरोबरी घेऊ लागला, त्यानंतर मला हरवूही लागला. त्याची बुद्धी तीच होती. बदलला होता तो पटासमोर बसण्याचा त्याचा वेग.

खेळ्या लिहिण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवशिक्यांना तो कंटाळा वाटतो. वर सांगितलेली घरांची नावे वापरून कोणता मोहरा कोणत्या घरात गेला एवढेच लिहायचे असते. आठवडाभरात हाताला सवय होते. लिहिल्यामुळे दोन गोष्टी साधतात. समोरच्याची खेळी वहीत उतरवताना ती एकदा मनातूनही जाते, म्हणजे "त्याने काय केले" याची नोंद आपोआप घेतली जाते. आणि डाव संपल्यावर तो हातात राहतो. पूर्वी काही शिक्षक आपली खेळी आधी लिहा आणि मग खेळा, असा सल्ला देत असत. आता स्पर्धेच्या नियमांनुसार खेळी आधी लिहून ठेवता येत नाही, तेव्हा ती सवय नव्यांना लावू नये. त्याऐवजी दोन्ही हात मांडीवर ठेवून विचार करायला शिकवावे, कारण ज्या मोहऱ्याला हेतुपूर्वक हात लावला तो हलवावाच लागतो हाही नियमच आहे, आणि लहान मुलांचे कितीतरी डाव या एका नियमाने गेलेले मी पाहिले आहेत.

वहीतला डाव पुढे काय करायचा? बहुतेक जण तो लगेच संगणकाला दाखवतात. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात हरवले, आणि आज खिशातल्या फोनवर चालणारा प्रोग्राम कुठल्याही माणसापेक्षा बलवान आहे, हे खरे आहे. तो क्षणात सांगतो, की अठराव्या खेळीला तुमची बाजू बरी होती आणि एकोणिसाव्या खेळीनंतर ती हरली. एकोणिसावी खेळी करताना तुमच्या मनात काय चालले होते, हे मात्र त्याला ठाऊक नसते, आणि सुधारायचे असते ते नेमके तेच. म्हणून डाव आधी स्वतः पाहावा. जिथे आपल्याला धक्का बसला, जिथे समोरची खेळी अनपेक्षित आली, तिथे खूण करावी आणि बाजूला एक वाक्य लिहावे, जसे की "उंट बी ७ वर आहे हे विसरलो" किंवा "मी हल्ल्यात गुंतलो होतो, माझ्या मागच्या रांगेकडे पाहिले नाही". मग संगणक उघडावा आणि आपल्या खुणा त्याच्या उत्तराशी ताडून पाहाव्यात. पंधरा-वीस डावांची अशी वाक्ये एकाखाली एक वाचली, की आपली चूक दरवेळी नवी नसते, दोन-तीन चुकाच वेष पालटून येत असतात, हे स्पष्ट दिसते. माझ्या स्वतःच्या वहीत अनेक वर्षे एकच तक्रार होती, लांबून तिरक्या वाटेने येणारा उंट मला दिसत नसे. ती तक्रार लिहून काढल्यावर मी मुद्दाम उंटांच्या वाटा शेवटपर्यंत बोटाने मोजू लागलो, आणि तो दोष हळूहळू गेला.

कोडी सोडवण्याचा उपयोग मोठा आहे, पण तो का होतो हे समजून घेतले तर सरावाची पद्धत बदलते. मोठे खेळाडू सामान्य खेळाडूंपेक्षा कितीतरी पुढच्या खेळ्या पाहतात, असा समज आहे. डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द खरोत यांनी गेल्या शतकाच्या मध्याला खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून त्याची तपासणी केली, तेव्हा खोलीत फारसा फरक आढळला नाही. बलवान खेळाडू चांगल्या खेळ्यांचाच विचार करत होते, हा खरा फरक होता. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना पट काही सेकंद दाखवून तो आठवणीने मांडायला सांगितला. खऱ्या डावातली स्थिती असेल तर उस्ताद खेळाडू ती नवशिक्यापेक्षा खूपच चांगली मांडत, पण तेच मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले की त्यांची आघाडी जवळजवळ नाहीशी होई. याचा अर्थ त्यांची स्मरणशक्ती अलौकिक नसते. किल्लेकोट केलेला राजा आणि त्यापुढची तीन प्यादी त्यांना एकसंध चित्र म्हणून दिसतात, जसे आपल्याला अक्षरे न जुळवता शब्द दिसतो.

ही चित्रे डोळ्यांत बसवायची असतील तर कोडी सोपी हवीत, भरपूर हवीत आणि पुन्हा पुन्हा सोडवलेली हवीत. मागच्या रांगेत कोंडलेल्या राजाला हत्तीने दिलेली मात, घोड्याने राजा आणि हत्ती यांना एकदम दिलेला दुहेरी हल्ला, राजापुढे पिन झाल्यामुळे हलू न शकणारा मोहरा, एक मोहरा बाजूला सरकताच मागच्याचा उघडा पडणारा शह, अशा पाच-सहा प्रकारांची प्रत्येकी पन्नास सोपी कोडी महिनाभर घोकून काढलेला मुलगा, दहा अवघड कोड्यांवर डोके धरून बसलेल्या मुलापेक्षा लवकर पुढे जातो. अट एकच, की मोहरे न हलवता, समोरच्याचे सर्वांत चिवट उत्तर धरून, शेवटपर्यंत मनात सोडवायचे. पहिली खेळी सुचली की बोट पुढे करायचे आणि चुकले तर दुसरी खेळी करून पाहायची, ही फोनवरची पद्धत डावात अंगाशी येते, कारण डावात दुसरी संधी नसते.

अंतिम टप्प्याचा, म्हणजे एंडगेमचा अभ्यास नवशिक्यांना नीरस वाटतो, आणि शिक्षकही तो "पुढे बघू" म्हणून टाळतात. १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता असलेल्या होजे राऊल कॅपाब्लांकाचे मत अगदी उलट होते. तो म्हणे, अभ्यास शेवटापासून सुरू करावा. त्याचे कारण मला शिकवता शिकवता पटले. पटावर दोन राजे आणि एक प्यादे एवढेच उरले की लपायला जागा नसते. प्रत्येक खेळीचा परिणाम शेवटपर्यंत मोजता येतो, आणि "त्याने असे केले तर मी तसे करीन" ही विचाराची शिस्त इथे जितकी स्वच्छ शिकता येते तितकी दुसरीकडे येत नाही.

पांढरा राजा ई ५ वर, त्याचे प्यादे मागे ई ४ वर आणि काळा राजा ई ७ वर ठेवून पाहावे. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर. खेळी काळ्याची असेल तर त्याला बाजूला सरकावे लागते, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. खेळी पांढऱ्याची असेल तर त्याला वाट मिळत नाही आणि बिनचूक बचाव झाला तर डाव बरोबरीत सुटतो. मोहरे तेच, घरे तीच, फक्त खेळी कुणाची एवढ्याने निकाल बदलतो. हे पहिल्यांदा कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मग ती स्वतःच विचारतात, की प्यादे अगदी कडेच्या पट्टीत असले तर? आणि पटावर मांडून शोधतात, की काळा राजा कोपरा गाठू शकला तर तिथे पांढऱ्याचा राजा कितीही पुढे असला तरी जिंकता येत नाही.

याहून सुंदर उदाहरण रिचर्ड रेती याने १९२१ साली रचले. पांढरा राजा एच ८ च्या कोपऱ्यात आणि त्याचे प्यादे सी ६ वर, काळा राजा ए ६ वर आणि त्याचे प्यादे एच ५ वर. खेळी पांढऱ्याची आहे, आणि वरवर पाहता त्याची अवस्था केविलवाणी आहे. काळे प्यादे पळते आहे, पांढरा राजा त्याला गाठू शकत नाही, आणि आपल्या प्याद्याच्या मदतीलाही पोहोचू शकत नाही. तरीही डाव बरोबरीत सुटतो. राजा जी ७, एफ ६, ई ५ असा तिरका चालत येतो, आणि तिरक्या चालीत तो एकाच वेळी दोन्हीकडे सरकत असतो. काळ्याने पांढरे प्यादे मारण्यात वेळ घालवला तर राजा एफ ४ वरून पळत्या प्याद्याला गाठतो. काळ्याने प्यादेच दामटले तर राजा डी ६ वर पोहोचून स्वतःचे प्यादे आठव्या घरी नेतो. शाळेत सरळ रेषा तिरक्या रेषेपेक्षा जवळची असते असे शिकलेल्या मुलाला, राजासाठी पटावर तसे नसते, हे इथे डोळ्यांनी दिसते.

हे फक्त वर्गात दाखवायचे कौतुक आहे असे कुणी म्हणू नये. ज्या जगज्जेतेपदाच्या सामन्याने इतक्या लोकांना या खेळाकडे आणले, त्याचा चौदावा आणि शेवटचा डाव याच विषयावर संपला. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, आणि काळ्या बाजूने खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादे जास्त होते. बरोबरी राखणे डिंगला शक्य होते. पंचावन्नाव्या खेळीला त्याने हत्तीच्या अदलाबदलीची खेळी केली. त्याचा उंट ए ८ च्या कोपऱ्यात होता, आणि कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट असते. हत्ती गेल्यावर गुकेशने त्याच वाटेवर डी ५ मध्ये आपला उंट आणून उभा केला, त्यामुळे उंटांचीही अदलाबदल टळेना, आणि उरला तो राजा आणि प्याद्यांचा शेवट, जो काळ्याने जिंकलेलाच होता. अठ्ठावन्नाव्या खेळीनंतर डिंगने डाव सोडला. इतक्या मोठ्या खेळाडूच्या थकव्याच्या क्षणाविषयी बोलताना मला आदरच वाटतो. पण अदलाबदल करण्यापूर्वी "हे मोहरे गेल्यावर काय उरेल" हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे मुलांना सांगायला याहून थेट उदाहरण मला सापडलेले नाही.

पालकांसाठी रेटिंगविषयी दोन शब्द. अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत फिडेने १९७० साली स्वीकारली. ती दोन खेळाडूंमधल्या निकालाचा अंदाज सांगते. २०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूने चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, असा तिचा हिशेब आहे. याचा अर्थ उरलेला एक गुण कमकुवत खेळाडूला मिळणे हे अगदी अपेक्षितच असते. एका स्पर्धेत वीस-तीस गुण घटले म्हणून मुलाला बोल लावणारे आईवडील पाहिले की मला वाईट वाटते. त्या संध्याकाळी मुलाने हरलेला डाव वहीतून काढून स्वतः दाखवला, तर ते त्या गुणांपेक्षा फार मोठे समजावे.

आता आपल्याला एक विनंती आहे. वृत्तपत्रात बुद्धिबळाचे कोडे येते तेव्हा आकृतीखाली "पांढरा खेळतो आणि दोन खेळ्यांत मात करतो" असे लिहिलेले असते. या एका ओळीने अर्धे काम होऊन जाते, कारण तिथे काहीतरी आहे हे वाचकाला आधीच कळते. डावात कुणी असे कानात सांगत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी नवशिक्यांसाठी अशी आकृती छापावी, जिच्याखाली शेवटची खेळी कोणती झाली एवढेच असेल आणि ती का केली असावी हा प्रश्न असेल. काही वेळा उत्तर "विशेष काही नाही, शांतपणे पुढचा मोहरा काढा" असेही असावे. आपल्या सदराचे लेखक हे सहज करू शकतील.

सुरुवातीसाठी एक स्थिती सोबत लिहून पाठवत आहे. दोन्ही बाजूंनी राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले. पांढऱ्याने घोडा एफ ३ वर आणला, काळ्याने घोडा सी ६ वर. पांढऱ्याने उंट सी ४ वर आणला, आणि काळ्याने तोच सी ६ वरचा घोडा पुन्हा हलवून डी ४ वर ठेवला. काळ्याचे ई ५ वरचे प्यादे आता बिनजोर आहे आणि पांढऱ्याचा घोडा ते मारू शकतो. आकृतीखाली "त्याने ही खेळी का केली?" एवढेच छापावे आणि उत्तर पुढच्या अंकात द्यावे.

आपला नम्र,
बुद्धिबळ शिकवणारा एक वाचक